अकरावा रकाना

टोलेडो, ओहायो. पहाटेचे सव्वाचार.
उजवा हात तळव्यापासून कोपरापर्यंत सोललेला.
कोंबड्यांच्या कारखान्यात रात्री यंत्रं धुतात, ते पाणी, म्हणाला.
पाण्यानं असं होत नाही.

कार्डावर नाव विल्मर, वय एकोणीस.
ओठांवर अजून वस्तरा फिरलेला नाही.
बोलतो माम, डोंगरापलीकडच्या चार गावांची.
म्हणून मी नंबर फिरवला
आणि कॅलिफोर्नियातली कुणी झोपेतून उठलेली बाई
स्पीकरमधून आमच्या मध्ये येऊन बसली.
तिचं नाव विचारायचं नसतं. दुभाषी सातशे चार.

बाहेर बाकावर निळ्या जॅकेटातला माणूस.
मामा म्हणे.
भाच्याचा फोन मामाच्या खिशात.

भिंतीवर नवा कागद चिकटवलाय:
संशय आला की कळवा, चोवीस तासांत.
न कळवल्यास परवाना.
वाक्य तिथंच तोडलंय. पुढचं आम्हाला कळतं.

दोन वर्षांपूर्वी मी कळवलं होतं.
ब्रिसेयदा. दाढ दुखत होती.
दोन गाड्या आल्या, एक त्याच्यासाठी, एक तिच्यासाठी.
तो शुक्रवारी जामिनावर सुटला.
तिचं मला माहीत नाही.
मला प्रशस्तिपत्र आलं, ते ड्रॉवरमध्ये पालथं आहे.
त्यानंतर ट्रेलरच्या त्या रांगेतून कुणी फिरकलं नाही.
मार्चमध्ये एक पोर आलं, कान फुटून पू मानेवर.
आई म्हणाली, थांबले होते.
इथं लिहून घेतात.

आणि लोरेटा.
तिनं एकदा लिहिलं नाही, मुलीनं हात जोडले म्हणून.
पुढं काय झालं विचारलं
की औषधांचं कपाट उघडते
आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहते.

म्हणून मी आधीच म्हटलं: थांब.
तू कुणाच्या ताब्यात आहेस, हे तू सांगितलंस
तर मला ते वर कळवावं लागेल.
हे ऐक, आणि मग ठरव.

माझं एवढंसं वाक्य
माममध्ये फार लांब झालं.
सातशे चारनं त्यात काय मिसळलं, कोण जाणे.

तो गप्प.
मीही गप्प, आणि मनात:
हा इशारा मी त्याला दिला,
की माझी सुटका करून घेतली?

मग त्यानं विचारलं,
हाताबद्दलही कळवशील?
हाताबद्दल नाही, मी म्हणाले. हात जखम आहे.

तेव्हा तो हाताबद्दल बोलू लागला.
हात किती वाजता कामाला लागतो.
हाताला किती मिळतात, त्यातले किती कापतात.
हाताची बहीण गावी जामीन आहे.
हाताला कुठं झोपवतात, किती हातांशेजारी,
कुलूप दाराच्या कुठल्या बाजूला.
मी मलम लावत होते.
एका कानानं ऐकायचं, दुसऱ्यानं सोडायचं, असं ठरवून;
पण दुसरा कान ऐकेना.

शेजारचा हात, तो म्हणाला,
माझ्यापेक्षा लहान आहे.
किती लहान?
त्यानं डावा हात पलंगाच्या कडेशी धरला,
उंची दाखवायला,
मग अजून थोडा खाली आणला.

हे सातशे चारला दिसलं नाही.
ती विचारत राहिली, हॅलो, हॅलो,
काय म्हणाला तो?

मी पट्टी गुंडाळत राहिले, गरजेपेक्षा दोन वेढे जास्त.
बाहेर मामानं दारावर टकटक केलं, अदबीनं.

त्याचं लिही, पोरगा म्हणाला. माझं लिहू नकोस.
दुभाष्यांचा नियमच असा,
की समोरच्याचा 'मी' होऊन बोलायचं;
म्हणून ते मला ऐकू आलं
एका वयस्क, जागरणानं घोगऱ्या बाईच्या आवाजात:
माझं लिहू नकोस.

गुरुवारी ये पट्टी बदलायला, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली.
ती हो होती की नाही,
हे सातशे चारला विचारता आलं नाही,
लाइन तोवर तुटली होती.

आता सहा वाजलेत. चोवीसमधले बावीस उरले.
फॉर्मवर अकरावा रकाना:
पीडित व्यक्तीचे नाव.
एकच ओळ आहे.
खाली पत्ता. पत्ता दोघांचा एकच.